आईचे टाके

१४ एप्रिल १९७०, मंगळवार. धुळे

ही डायरी नव्या वर्षाला लखीचंद शेठनी त्यांच्या कापसाच्या जिनिंगच्या मुकादमाला दिली. मुकादमाला लिहिता येत नाही, त्याने ती आबांना दिली. आबांनाही येत नाही, त्यांनी मला दिली. तेव्हापासून ट्रंकेतच पडून होती. आज उघडली, कारण आईजवळ बसून दुसरं काही काम नाही आणि इथे मी कोणाशी बोलत नाही. घरी तरी कुठे बोलते. शाळेत बाई म्हणायच्या, हिचं नाव कोकिळा कोणी ठेवलं. आई सारखी आजारी असायची म्हणून सातवीत शाळा सुटली. तेव्हा मला बरंच वाटलं होतं, वर्गात उभं राहून वाचायचं चुकलं म्हणून. आता तसं वाटत नाही.

सकाळच्या एसटीने नरडाण्याहून आलो. आई, आबा आणि मी. आईला बसवत नव्हतं, एका माणसाने उठून अख्खं बाक दिलं. प्रकाशचंद डॉक्टरांचा दवाखाना चार नंबरच्या गल्लीत आहे. खाली तपासायची खोली, वर बायकांची मोठी खोली, तिच्यात खाटा, आणि पलीकडे दार बंद असतं ती ऑपरेशनची खोली. डॉक्टरांनी आईची पापणी खाली ओढून पाहिली, आतून पांढरी होती. पोट दाबलं. पिशवीत गाठ झालीय, पिशवी काढावी लागेल म्हणाले. अंगावरून कधीपासून जातंय ते विचारलं. आबा तेव्हा बाहेर उभे होते. आई म्हणाली, दिवाळीपासून.

डॉक्टर म्हणाले, "बाई, दिवाळीपासून एवढं रक्त कमी होत नाही."

आई भिंतीकडे बघत राहिली. मला डॉक्टरांचा राग आला. माझी आई खोटं बोलत नाही.

१५ एप्रिल, बुधवार

इथे सगळं चालतं ते कनीज सिस्टरच्या हुकमाने. इथल्याच मोगलाई भागात राहते. उंच आहे, साडीला एक सुरकुती नाही. मराठी आपल्यासारखीच बोलते. मी आईच्या पाठीखाली उशी सरकवायला गेले तर म्हणाली, हात धुतले का. मी मान हलवली. ती म्हणाली, मान हलवून हात धुतले जात नाहीत. मग मोरीवर नेऊन बांगड्या वर सरकवायला लावल्या, लाल साबण कोपरापर्यंत, नखांमधून ब्रश. सगळ्या खाटांवरच्या बायका बघत होत्या. मला जमिनीत जावंसं वाटलं.

शेजारच्या खाटेवर सुगराबी नावाची म्हातारी आहे, तिच्या पित्ताच्या पिशवीतले खडे काढले. ती म्हणाली, "घाबरू नको, पोरी. माझा जावई मला बघायला आला होता, त्याला तर हिने पाय पण धुवायला लावले. सासरवाडीला एवढी सरबराई त्याची कधी झाली नव्हती."

ऑपरेशन झाल्यावर पट्टीला कोणी बोट लावायचं नाही, असं सिस्टरने मला दोन वेळा बजावलं. पट्टी म्हणजे कुलूप समज म्हणाली, किल्ली फक्त डॉक्टरांकडे आणि माझ्याकडे.

आबांचं रक्त जुळलं. एक बाटली आईला चढवली. आबा केळं खाऊन बाकावर झोपून गेले.

१७ एप्रिल, शुक्रवार

झालं ऑपरेशन. आई अजून गुंगीत आहे, ओठ कोरडे पडलेत. पाणी द्यायचं नाही, ओल्या कापसाने ओठ पुसायचे.

सकाळी आई हिरव्या बांगड्या काढायला तयार होईना. मंगळसूत्र आबांच्या रुमालात बांधून दिलं, पण बांगड्या नाही. सिस्टर तिच्याशी भांडली नाही. म्हणाली, "आक्का, मी रोज सकाळी माझ्या काढून ठेवते आणि संध्याकाळी घालते. माझा नवरा ठणठणीत आहे. मला वाटतं जरा जास्तच." सगळी खोली हसली, आईपण हसली आणि हात पुढे केला.

दार बंद व्हायच्या आधी मी डॉक्टरांना हात धुताना पाहिलं. किती वेळ घासत होते. मग ओले हात वर धरून, कोपराने दार ढकलून आत गेले. वाटेत लताबाई आया उभी होती ती भिंतीला चिकटली, तिचा पदर त्यांना लागू नये म्हणून. मला ते बघितल्याबरोबर कळलं. हे सोवळंच आहे. आमच्याकडे सत्यनारायणाला पूजेला बसणारे काका असेच चालतात, ओलेत्याने, कोणाला शिवायचं नाही. मनातली भीती निम्मी गेली. मला वाटत होतं दवाखान्यात सोवळंओवळं काही नसतं.

१८ एप्रिल, शनिवार

आई शुद्धीवर आली. मला ओळखलं. म्हणाली, खाल्लंस का.

दुपारी फुई आली. शेवंताफुई, आबांची थोरली बहीण, मुडावदला दिलीय. इथे देवपूरला तिच्या नणंदेकडे उतरलीय, गुडघे दुखतात म्हणून दिवसातून एकदाच जिना चढणार म्हणाली. तिने येताना हिरव्या बाटलीत संगमाचं पाणी आणलं. तापी आणि पांझरेचा संगम तिच्या गावाला आहे, तिथे कपिलेश्वराचं देऊळ आहे, महाशिवरात्रीला जत्रा भरते. त्या दिवशी भरून ठेवलेलं पाणी. तिला ते आईच्या तोंडात घालायचं होतं. सिस्टरने घालू दिलं नाही, इथे फक्त उकळलेलं चालतं म्हणाली. फुईला राग आला. सिस्टरने तिला प्यायला पाणी दिलं तेही तिने घेतलं नाही, तहान नाही म्हणाली. उन्हातून आली होती.

बाटली तिने माझ्या पिशवीत ठेवली. "ऱ्हाऊ दे, कामले ई." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "अन् तू काही बोल ना वो. नाव कोकिळा अन् तोंडमा मूग." पण जाताना माझ्या हातात गुळाचा खडा ठेवून गेली.

१९ एप्रिल, रविवार

हे मी लिहू की नको.

सकाळी माझी अडचण आली. आठ दिवस आधीच आली. घरी असते तर चार दिवस पडवीत गेले असते, पोतं अंथरून. ताट लांबून सरकवतात, पाणी वरून ओततात. इथे पडवी नाही. आणि मी बाजूला बसले तर आईला भांडं कोण देणार, कुशीवर कोण वळवणार. आबा दुपारी जिनिंगवर कामाला परत गेले. लताबाईला सगळ्या खाटा बघाव्या लागतात.

मी कोणाला सांगितलं नाही. पाण्याच्या टाकीमागे जुन्या लुगड्याचा धडपा वाळत घातला, त्यावर दुसरा टाकला.

आईच्या उशाशी सप्तशृंगीचा फोटो आहे. माझा हात लागू नये म्हणून मी तो उचलून वर खिडकीत ठेवला. ठेवल्यावर लक्षात आलं, उचलला तर हातानेच.

२० एप्रिल, सोमवार

सिस्टरला कळलंय. आज तिने मला दोनदा हात धुवायला लावले. पहिल्यांदा धुतलेले उलटेपालटे करून बघितले आणि म्हणाली, परत. आज दुसऱ्या कोणाला परत म्हणाली नाही. माझ्या तोंडावर दिसत असेल. पण ती मला बाहेर बस म्हणाली नाही, नुसतं धू म्हणाली. म्हणजे विटाळ पाण्याने जात असेल.

मग मला फुईच्या बाटलीची आठवण झाली.

दुपारी सगळ्या बायका झोपल्या, सिस्टर जेवायला खाली गेली. तुळशीचं पान नव्हतं, बोटांनीच शिंपडलं. खाटेला, आईच्या केसांना, पायांना. मग वाटलं सगळ्यात नाजूक तर पोट आहे, आणि माझे हात दिवसभर त्याच्याजवळच असतात. पट्टीला बोट लावायचं नाही हे मी पाळलं. चादर सरकवून लांबूनच बाटली वाकडी केली आणि पट्टी चांगली भिजेपर्यंत पाणी घातलं. आई झोपेत शहारली. गार लागलं असेल. एप्रिलच्या झळांनी सिस्टर वर येईपर्यंत वरची पट्टी सुकलीसुद्धा.

मला फार बरं वाटलं. दोन दिवसांनी पहिल्यांदा भाकरी गोड लागली.

२१ एप्रिल, मंगळवार

आज पण घातलं. आई जरा उठून बसली. चहा घेतला. सुगराबी म्हणाली, तुझ्या आईच्या गालावर रंग येतोय. पाण्याचा गुण आहे, पण कोणाला सांगणार.

२२ एप्रिल, बुधवार

रंग तापाचा होता. संध्याकाळी अंग भाजत होतं. आई फुईला छगनमामा समजून बोलली. छगनमामा जाऊन तीन वर्षं झाली.

२३ एप्रिल, गुरुवार

सिस्टरने पट्टी सोडली. मी खाटेचा पाय धरून उभी होते. वास आला. पोटावर टाक्यांच्या दोन्ही बाजूंना लाल, फुगलेलं. सिस्टर लताबाईला म्हणाली, डॉक्टरांना बोलव. डॉक्टरांनी खालचे काही टाके कापले आणि दाबलं. आई ओरडली तसं मी कोणाला ओरडताना ऐकलं नाही. वाटीभर पू निघाला. मग ब्लीचिंगच्या वासाच्या औषधात बुडवलेली पट्टी जखमेत भरली. जखम उघडीच ठेवायची. रोज सकाळ संध्याकाळ असंच करायचं. पेनिसिलीनची सुई पण रोज.

टाके पिकले. डॉक्टरांनी सिस्टरला विचारलं, त्या दिवशीचे पट्ट्यांचे ड्रम वाफेवर नीट तापले होते ना. सिस्टर म्हणाली, मी स्वतः उभी होते.  त्यांना माहीत नाही. मला माहीत आहे कशाने पिकले.

तरी मी पाणी घातलं होतं. कमी पडलं असेल. आता बाटलीत थोडंच उरलंय. घालायला गेले तर सिस्टर आली, म्हणून परत ठेवली.

२४ एप्रिल, शुक्रवार

फुईने खोलीत उभं राहून विचारलं, इथे कोणाची सावली पडली. एकेका बाईकडे बघत होती. लोणचं नासतं, पापड लाल पडतात, तसे टाके पिकतात, कोणाची तरी अडचण असणार, ती खरं सांगत नाही. मी पाण्याचं भांडं घेऊन खाली निघून गेले. जिन्यातून ऐकलं. फुईने सुगराबीलाही सोडलं नाही.

सुगराबी म्हणाली, "माझं ते बंद होऊन नातवंडांची लग्नं झाली, बाई. माझ्या सावलीत तू आता खुशाल पापड वाळव."

बायका हसल्या. मग फुई लताबाईला बोलली. लताबाई तरणी आहे, दोन लेकरांची आई आहे, सगळ्यांची भांडी तीच उचलते. फुई म्हणाली, हीच असणार, हिला काढा. लताबाई वळून निघाली. खाली आली तर नळापाशी मी होते. तिने माझ्या हातातलं भांडं घेतलं आणि म्हणाली, तू वर जा, आईला एकटं ठेवू नको.

मी वर गेले. मी बोलले नाही. मला बोलताच येत नाही.

२६ एप्रिल, रविवार

ताप उतरत नाही. आबा आले. फुईने त्यांना दारातच सगळं सांगितलं. आईला घरी न्यायचं म्हणते. तिच्या गावाला एक माणूस झाडपाल्याचा लेप देतो. उद्या शेठचा ट्रक कापसाच्या गाठी सोडून रिकामा परत जाणार आहे, त्यात गादी टाकून नेता येईल. डॉक्टर आबांना म्हणाले, जखम उघडी आहे, ट्रकमधून नेलंत तर बाई वाटेत जाईल, नाही तर घरी गेल्यावर जाईल. आबा डॉक्टरांचंही ऐकत होते आणि फुईचंही. आबा माझ्यासारखेच आहेत. ज्याचा आवाज मोठा त्याचं होतं.

आईला विचारलं नाही. तिला विचारून काही उपयोग पण नव्हता, ती छगनमामाशी बोलत होती.

२७ एप्रिल, सोमवार

सगळं लिहून टाकते.

सकाळी ट्रक गल्लीच्या तोंडाशी येऊन हॉर्न वाजवायला लागला. आबा गोधडी घेऊन वर आले, आईला तिच्यात उचलणार होते. डॉक्टर आणि कनीज सिस्टर दोघं खाटेपाशी उभे. डॉक्टर आबांना परत तेच सांगत होते, आता हात जोडून. फुई म्हणत होती, "आठे बठ्ठा एकमेकले शिवतस. कोन कशी शे काय ठाऊक. घरमा सोवळं तरी ऱ्हाई." इथे सगळे एकमेकांना शिवतात, हेच तिचं. आबांनी गोधडी अंथरली.

मी आबांच्या आणि खाटेच्या मधे जाऊन उभी राहिले. मी कधी गेले ते मला आठवत नाही.

मी म्हणाले, "आबा, आईला नेऊ नका. विटाळ इथला नाही. माझा आहे."

कोणाला ऐकू आलं नसेल असं वाटलं म्हणून परत म्हणाले, जोरात. "आठ दिवसांपूर्वी, रविवारपासून मी बाजूला बसायला पाहिजे होतं. बसले नाही. मीच आईला शिवत होते. लताबाईचं काही नाही. मला घरी न्या, आईला राहू द्या."

बापासमोर असं कोणी बोलत नाही. आबांनी खाली बघितलं. फुई हात उगारून पुढे आली, सिस्टर मधे पडली. मला वाटलं मार खाल्ला तर बरं. मी रडत रडत सांगत होते की मी तसंच सोडलं नव्हतं, मी शुद्ध केलं होतं, संगमाचं पाणी आईच्या पट्टीवर घातलं होतं, दोन्ही दिवस, तरी असं झालं.

सिस्टरने माझा खांदा धरला. "कुठलं पाणी?"

मी पिशवीतून बाटली काढून दिली. तिने ती खिडकीकडे धरली. तळाशी हिरवा गाळ होता आणि धाग्यासारखं काहीतरी हलत होतं. मला ते आधी दिसलं नव्हतं, हिरव्या बाटलीत कसं दिसणार.

"किती घातलंस?"

"पट्टी भिजेपर्यंत."

डॉक्टर सुगराबीच्या खाटेवर बसले. मग ते दोघं मला पाण्याचंच विचारत राहिले. कधी, किती, पट्टी आतपर्यंत ओली झाली होती का. दुसऱ्या गोष्टीचं कोणी विचारेना. मला वाटलं त्यांना नीट कळलं नाही, म्हणून मी परत सांगितलं की अडचण माझी होती. डॉक्टर म्हणाले, "पोरी, त्याने काही होत नाही." मला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील. त्यांचा आवाज चांगला होता.

मग आबांना म्हणाले, "पू कशाने झाला ते मी शपथेवर सांगू शकत नाही. आमच्या हातूनही होतं. पण हे पाणी टाक्यांतून आत गेलंय. हिने सांगितलं म्हणून आता मला कळलं, कुठवर उघडून धुवायचं ते. बाईंना इथे ठेवा. आणि या मुलीलाही ठेवा."

 फुई बोलायला लागली तर आबांनी हात वर केला. मग खाली गेले. ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला आणि लांब गेला. आबा वर आले ते आधी मोरीवर गेले, बाह्या वर केल्या, लाल साबण घेतला आणि कोपरापर्यंत हात धुतले. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मग येऊन आईजवळ बसले.  गोधडीची घडी करून माझ्या अंगावर टाकली, मी थरथरत होते म्हणून.

आईला परत ऑपरेशनच्या खोलीत नेलं, आणखी टाके उघडले, आतून धुतलं. फुई जिन्यात बसून रडत होती. का रडत होती ते मला कळलं नाही. तिचं तर काही चुकलं नव्हतं.

१ मे, शुक्रवार

काल संध्याकाळपासून ताप नाही. सिस्टरने थर्मामीटर झटकला आणि परत लावला, तिलाही खरं वाटेना. आईने भाताची पेज घेतली. लताबाईने आज मला पान लावून दिलं. मी खात नाही, पण खाल्लं.

२ मे, शनिवार

आज दुपारी आईने मला जवळ बोलावलं. तिला सगळं कळलंय, सुगराबीने सांगितलं. मला वाटलं आता रागावणार. मी म्हणाले, माझ्यामुळे झालं.

आई हळू आवाजात म्हणाली, "तू चार दिवस बसली नाहीस. मी किती दिवस बसले नाही, ठाऊक आहे?"

मला कळेना. ती म्हणाली, दोन वर्षं तिचं थांबतच नव्हतं. चार दिवस पडवीत बसायची, पाचव्या दिवशी न्हाऊन आत यायची, आणि आत आल्यावरही तसंच चालू. धडपे कधी धुवायची, कुठे वाळवायची, ते पण सांगितलं. आमच्या घरामागच्या कडब्याखाली. मी कितीदा तिथून कडबा काढलाय.

"सांगितलं असतं तर दोन वर्षं पडवीतच बसवलं असतं. भाकरी कोण करणार होतं, तुझे आबा? देवाला दिवा लावला, पापड केले, लोणचं घातलं. तुझ्या फुईला त्याच हातचं वाढलं. ती म्हणाली, वहिनी, यंदा लोणचं भारी मुरलं." आणि आई हसायला लागली, मग पोट धरून नको नको म्हणाली, कारण हसलं की जखम ताणते.

मी विचारलं, मग डॉक्टरकडे आधीच का नाही आलो आपण.

ती म्हणाली, "डॉक्टरकडे यायचं तर घरात सांगावं लागतं ना, बेटा."

मला सगळं नीट कळलं नाही. आई डॉक्टरांशी खोटं बोलली होती एवढं कळलं. घरातलं एक लोणचं नासलं नाही हेही खरं आहे, मी रोज खात होते. मग टाकेच का पिकले. सिस्टर म्हणते पाण्याने. पण पाणी तापीचं होतं. मला दोन्हीकडचं खरं वाटतं आणि डोकं दुखतं.

बाटली सिस्टरने फेकली नाही. धुवून, उकळून, तिच्यात स्पिरिट भरून कपाटात ठेवलीय.

८ मे, शुक्रवार. आखाजी, अक्षय्य तृतीया

गावाला पोरी झोक्यावर असतील. इथे गल्लीत पण कोणीतरी कडुलिंबाला दोर बांधलाय, खिडकीतून गाणी ऐकू येतात. मला गावी असते तरी गाता आलं नसतं, पण झोका मी उंच नेते.

फुई खापरावरची पुरणपोळी घेऊन आली, फडक्यात गुंडाळलेली, अजून ऊन होती. इतके दिवस आली नव्हती. आधी सिस्टरला विचारलं, हिला दिली तर चालेल का. सिस्टर म्हणाली, थोडी. मग फुईने एक मोठा तुकडा मोडला आणि सिस्टरच्या हातावर ठेवला. वरून टाकला नाही, हातावर ठेवला.  सिस्टरने तिथेच उभ्याने खाल्ला. लताबाईला फुईने दोन दिल्या. लताबाईने घेतल्या पण फुईकडे बघितलं नाही.

जखम आता तळापासून भरत येतेय. सिस्टरने मला बघायला बोलावलं. डाळिंबाच्या आतल्यासारखी लाल, ओली, पण वास नाही. ती म्हणाली, असा लाल रंग चांगला असतो, हा जिवंत मांसाचा.

१८ मे, सोमवार

उघडी जखम पुरेशी भरली, आता ती परत शिवायची, मग आठवड्याने घरी. डॉक्टरांनी आजचा दिवस सांगितला होता. आणि लताबाई भावाच्या लग्नाला एरंडोलला गेलीय. सकाळी सिस्टर म्हणाली, "कोकिळा, ट्रे धरायला तू ये. गुंगीचं औषध देणार नाही, नुसती जागा बधिर करणार. तू असलीस तर आईला धीर येईल."

मला कालपासून अडचण आहे.

मी तिच्या मागे मागे मोरीपर्यंत गेले आणि कानात सांगितलं. यावेळी लपवायचं नाही असं ठरवलं होतं, काय व्हायचं ते होऊ दे. सिस्टर साबण फेसत होती. तिने ऐकलं आणि म्हणाली, "बरं. नखं कापलीस का?"

मी म्हणाले, कापली.

"मग धू."

मी धुतले. बांगड्या काढून ठेवल्या. ब्रशने नखं, बोटांच्या बेचक्या, मनगट, कोपर. डॉक्टर शेजारच्या नळाला तेच करत होते. मला भीती वाटत होती. आईला परत ताप आला तर आता पाण्याचं नावही घेता येणार नाही, माझंच घ्यावं लागेल. मी आईकडे बघितलं. तिला माहीत होतं, आईला माझ्या चालण्यावरून कळतं. तिने मान हलवली, ये म्हणून.

सिस्टरने मला मास्क बांधला, उकळलेला ट्रे दिला. मी हात वर धरून, कोणाला न लागता, ऑपरेशनच्या खोलीत आईच्या खाटेपाशी उभी राहिले. डॉक्टरांनी सुई टोचली तसं आईने डोळे मिटले. तिला दुखत होतं. तिने नेहमीसारखा हात लांब केला, माझा हात धरायला.

मी म्हणाले, "आई, मला शिवू नको. माझे हात धुतलेत."

मोठ्याने म्हणाले. बाहेर बायकांनी ऐकलं असेल. आईने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, हात मागे घेतला आणि खाटेची कड धरली. मग डॉक्टरांनी पहिला टाका घातला.